बारदाना वजा जाता फुलसिंगभाऊ

फुलसिंगभाऊ राठोड काट्यावर चढायच्या आधी अंगावरचं सामान एकेक करून उतरवून ठेवत. काठी, चपला, खांद्यावरचा दुपट्टा, तंबाखूची डबी, चष्म्याचं घर, मोबाईल आणि सगळ्यात शेवटी शर्टाच्या खिशात जपून ठेवलेलं सुताचं एक वेटोळं. मग पाय जुळवून ताठ उभे राहत आणि समोर बघत म्हणत, "धोतराचा बारदाना वजा करा जी, मापारीभाऊ."

बारदाना म्हणजे रिकामं पोतं. एकूण वजनातून पोत्याचं वजन वजा केलं की खरा माल कळतो. मी चाळीस वर्षं बाजार समितीत मापारी होतो. शेतकऱ्याचा कापूस, सोयाबीन, तूर तोलायची आणि आकडा पुकारायचा, हेच माझं काम. ते सुटल्यावर मी घाटंजीत मुलाच्या पिठाच्या चक्कीत बसू लागलो. तिथे गव्हाची पोती मोजायला एक काटा आहे. दर बाजाराच्या दिवशी फुलसिंगभाऊ त्यावर स्वतःला तोलून घेत. दळण घेऊन आलेल्या बायका पदराआड हसत. फुलसिंगभाऊंना त्याचं काही वाटत नसे. उलट एखाद्या दिवशी कोणी हसलं नाही, तर ते जरा मोठ्यानं बोलू लागत.

माझं वय आता बहात्तर. इतक्या वर्षांत मी वजनात कधी काटा मारला नाही, हे जुन्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. पण एक माप माझ्याकडून चुकलं, आणि ते फुलसिंगभाऊंच्या घरचं होतं. ते इथे लिहून ठेवायचं आहे. तरी आधी माणूस सांगतो, कारण माणूस मोठा मजेदार आहे.

त्यांचा तांडा घाटंजीपासून तासाभराच्या चालीवर. शेत बेताचं, कापूस आणि तुरीचं. ते उंचीनं बेताचे, रुंदीनं सढळ, आणि पोट असं की आधी ते चक्कीत शिरायचं, मग फुलसिंगभाऊ. स्वतःच सांगायचे, "आमच्या आज्या-पंज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं. मी पोटावर वाहून राह्यलो. धंदा तोच हाय."

धोतराचं वजन एकदाच कायमचं ठरावं म्हणून त्यांनी धुतलेलं, कडक वाळवलेलं धोतर पिशवीत घालून आणलं होतं. शेजारच्या किराणा दुकानात ते तोललं, दुकानदाराला साक्षीदार केलं आणि मला तो आकडा भिंतीवर लिहायला लावला. अजून आहे तिथे. पावसाळ्यात तांड्यावरून चालत आले की धोतर गुडघ्यापर्यंत ओलं असायचं. मग म्हणत, "आज ओलावा बी धरा." सोयाबीन ओलं असलं की वजनात घट धरतात. त्या घटीपायी त्यांनी आयुष्यभर माझ्याशी भांडण केलं होतं. आता तीच घट हक्कानं मागून घ्यायचे.

वजन झालं की पावती. एकूण किती, बारदाना किती, निव्वळ किती. खाली माझी सही.

"बिनासहीची पावती घरी चालत नाई," ते म्हणत.

मी हसून विचारी, घरी कोण मोठा साहेब बसला आहे? त्यावर ते फक्त पावतीची घडी घालत.

माझा काटा खरा, हे मान्य असूनही ते इतरांची परीक्षा घेत हिंडायचे. भंगारवाल्याकडे, आरोग्य केंद्रात, कांद्याच्या ठोक व्यापाऱ्याकडे. एकदा तांड्यावरच्या अंगणवाडीत लेकरांना तोलायचा झोळीचा काटा टांगलेला दिसला. फुलसिंगभाऊंनी झोळी काढली आणि हुकाला दोन्ही हातांनी लटकून पाय वर घेतले. काटा पूर्ण एक फेरी मारून परत शून्यावर आला. ते पाहून ते इतके खूश झाले की हूक सरळ होतोय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. खाली पडल्यावर ताईंना म्हणाले, "मले निल भरलं, बाई. लिहून घ्या."

या सगळ्याचं मूळ होतं एक गोळी.

दोन वर्षांपूर्वी एका बाजाराच्या दिवशी ते चक्कीत आले आणि भरल्या गर्दीत त्यांनी जाहीर केलं की यवतमाळच्या डॉक्टरनं त्यांचं वजन कमी करायला गोळी लिहून दिली आहे. गळ्यात एक गाठ असते, ती अंगाचं इंजिन चालवते. इंजिन थंड पडलं की खाल्लेलं जळत नाही, अंगाला लागत जातं. गोळीनं इंजिन गरम होतं.

"सकाळी उपाशीपोटी एक गोळी," ते सांगत, "मंग अर्धा घंटा चहा नाई. तवा कुठी इंजन धरते. आपल्या डिझल पंपासारखंच हाय. गरम होऊ न देता पानी काढाल, तं काय भेटन?"

"इंजन गरम पाह्यजे" हे त्यांचं पालुपद झालं. लग्नाच्या पंगतीत बुंदी नाकारताना तेच, आणि घेताना तेच.

गावात धमाल उडाली. घाटंजीत जाड माणसांची कमी नाही, आणि चालायची हौस कोणालाच नाही. लोक औषधांच्या दुकानात जाऊन इंजिनाची गोळी मागू लागले. दुकानदार पोरगा सरळ होता, चिठ्ठीशिवाय देईना. तेव्हा लोक फुलसिंगभाऊंच्या मागे लागले. त्यात मीही होतो, लपवत नाही. बसून बसून माझंही पोट सुटलं होतं. चार गोळ्या द्या म्हटलं, काय होतं त्यानं.

फुलसिंगभाऊ एरवी तंबाखूची डबी गावभर फिरवणारा माणूस. पण माझ्याकडे बघून ते गंभीर झाले. "ज्याची चिठ्ठी त्याची गोळी, मापारीभाऊ. ज्याचं इंजन थंडं, त्याले ते औषध. तुमचं इंजन चांगलं असन अन् गोळी घ्याल, तं छातीत थ्रेशर चालू होईन."

हे त्यांना अनुभवानं माहीत होतं, पण कसं ते मला तेव्हा कळलं नाही. सुरुवातीच्या आठ दिवसांत त्यांची स्वतःचीच विचित्र दशा झाली होती. हात थरथरत, कपाळावर घाम, आणि तोंड क्षणभर थांबत नव्हतं. त्या आठवड्यात त्यांनी स्वतःचं कुंपण दुरुस्त केलं, दोन्ही शेजाऱ्यांचं केलं, मग तांड्याच्या देवळाचं पटांगण इतकं झाडलं की खालचा मुरूम वर आला. काट्यावर उभे राहिले तर आकडा स्थिर होईना. पुढच्या बाजारी एकदम शांत होऊन आले. "डॉक्टरनं डोस कमी केला," एवढंच म्हणाले.

आता ते सुताचं वेटोळं.

माझ्याकडून पावती घेतली की ते बांगड्यांच्या दुकानात जात. बायको जमनाबाई बाजारात येत नसे. तिच्या मनगटाचं माप म्हणून सुताचा फेरा आणत आणि त्यावरून बांगड्या घेत. बांगडीवाला कपाळाला हात लावायचा. बाईचा हात दाबून, आंगठा आत वळवून बांगडी चढवायची असते, सुताला आंगठा कुठून आणायचा? निम्म्या बांगड्या परत यायच्या. तरी दर महिन्याला नवा फेरा. मी एकदा म्हटलं, "वहिनीलेच घेऊन या ना एक डाव." ते म्हणाले, "तिले गर्दी आवडत नाई." मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, कारण मला तिचं एक बाजाराचं येणं चांगलं आठवत होतं.

माझ्या नोकरीचा तो शेवटचा हंगाम. आज चार वर्षं झाली. कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. एक ट्रॉली काट्यावर आली, आणि कापसाच्या ढिगावर एक बाई बसलेली. अंगानं भारी, चेहरा सुजल्यासारखा. तोलताना मालावर माणूस बसलेला चालत नाही, सगळ्यांना खाली उतरवतात. माझ्या हातात माइक होता. साधं "खाली उतरा" म्हणायचं होतं. मी म्हणालो, "ओ बाई, उतरा जी खाली. तुमाले कापसात धरलं, तं व्यापारी बुडन."

भोंग्यावरून ते अख्ख्या आवारात गेलं. हमाल हसले, व्यापारी हसले, रांगेतले शेतकरी हसले. बाईही तोंडाला पदर लावून हसली आणि हळूहळू, चाकावर पाय देत खाली उतरली. मला फार बरं वाटलं. त्या हंगामभर मी तो किस्सा चहाच्या टपरीवर सांगितला. दर वेळी थोडं मीठ लावून. शेवटी शेवटी तर माझ्या किस्स्यात काटाच अडकून बसायला लागला.

ती जमनाबाई होती, हे मला माहीत होतं. राठोडांची ट्रॉली होती ना. पण विनोदच तो, त्यात काय एवढं, असं माझं चाललं होतं.

गेल्या दिवाळीनंतर फुलसिंगभाऊ लागोपाठ दोन बाजार आले नाहीत. चक्कीत सुनंसुनं वाटू लागलं. दळणाच्या बायकाही विचारू लागल्या की आज निव्वळ किती भरलं. कळलं की कापूस वेचताना पाय मुरगळला आहे. तिसऱ्या दिवशी मी सकाळच्या काळीपिवळी जीपनं तांड्यावर गेलो.

फुलसिंगभाऊ ओसरीत खाटेवर, पायाला हळदीचा लेप. मला पाहून उठायला लागले. "काटा नाई आनला?" हा पहिला प्रश्न.

तेवढ्यात आतून जमनाबाई पाण्याचे दोन पेले घेऊन आल्या. मला पाहून दारातच थबकल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पण आत गेल्या नाहीत. औषधाची वेळ झाली होती. पाकिटातली एक गोळी त्यांनी स्वतःच्या तळहातावर काढली. फुलसिंगभाऊंनी उशाखालच्या कागदाच्या पुडीतून एक पांढरा दाणा काढला. दोघांनी एकदम माना वर केल्या आणि गिळलं.

"घेतली," फुलसिंगभाऊ म्हणाले.

"मी बी," त्या म्हणाल्या, आणि मला सांगितलं, "चहा अर्ध्या घंट्यानं भेटन, भाऊ."

त्या आत गेल्या. मी भिंतीकडे पाहिलं. एका तारेत माझ्या सगळ्या पावत्या ओळीनं ओवलेल्या होत्या. दोन वर्षांच्या. प्रत्येकीवर माझी सही.

मी फुलसिंगभाऊंकडे पाहिलं. ते पायाचा लेप पाहत होते. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं. चिठ्ठी जमनाबाईंची होती. थंड पडलेलं इंजिन त्यांचं. पोरीनं यवतमाळला नेलं, तेव्हा डॉक्टरनं सांगितलं की बाई खाऊन फुगलेली नाही, हा आजार आहे, गोळी रोज घ्यावी लागेल. पण त्या घेईनात. जाडीची गोळी खाते म्हणून लोक अजून हसतील, एवढंच त्यांचं म्हणणं. चारदा गोळ्या परसात फेकल्या. घराबाहेर पडणं तर आधीच सुटलं होतं.

"मंग मी म्हटलं, मले बी तेच झालं. दोघं बी घेऊ," ते म्हणाले. "अन् बाजारात जाऊन बोंबलत सुटलो. लोकायले हासाले एक जाडा लागते, मापारीभाऊ. मी रिकामाच होतो."

पहिले आठ दिवस त्यांनी खरोखरच तिच्या पाकिटातली गोळी घेतली होती, बायकोला खोटं वाटू नये म्हणून. छातीत थ्रेशर चालू झालं ते तेव्हाच. डॉक्टरनं खूप झापलं. तेव्हापासून ते रोज सकाळी कच्च्या साबुदाण्याचा एक दाणा गिळत होते.

मला आधी हसू आलं, मग भोंग्यावरचं माझं वाक्य आठवलं. आता बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "फुलसिंगभाऊ, वहिनी बाजारात काहून येत नाई, मले माहीत हाय. माइकवर बोलनारा मीच होतो."

"मालूम हाय जी," ते म्हणाले. "ट्रॅक्टरवर मीच बसलो होतो."

चार वर्षं हा माणूस मला हात जोडून राम राम करत होता. मी विचारलं, घाटंजीत इतके काटे असताना मग माझ्याकडेच का येता?

"तिचा भरोसा तुमच्याच सहीवर हाय. तुमी वजनात खोटं लिहत नाई, हे तिले बी मालूम हाय." मग त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज अजून खाली आणला. "अन् दर बाजारी घरी येऊन सांगतो तिले, आज बी मापारी मलेच हासला. तिले बरं वाटते."

अर्ध्या तासानं चहा आला. मी बशी खाली ठेवली आणि जमनाबाईंना म्हणालो की त्या दिवशी मी जे बोललो ते वाईट होतं, आणि नंतर गावभर सांगत फिरलो ते त्याहून वाईट होतं.  त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"तुमचा आवाज लय मोठा होता तवा," त्या शेवटी म्हणाल्या. "आता बरा झाला."

एवढंच. मग त्यांनी माझ्या बशीत अजून चहा ओतला.

निघताना फुलसिंगभाऊ खाटेखाली काठी शोधत होते, तेव्हा त्या मला पोचवायला अंगणात आल्या. म्हणाल्या, "ह्यायले काई सांगू नका. साबुदाना हाय ते मले पैल्या दिवसापासून मालूम हाय. उपासाच्या डब्यात गोल गोल दाने निवडून वर मीच ठेवते. वाकडा दाना गळ्यात अडकला म्हंजे?"

परतीच्या गाडीत मी एकटाच हसत होतो. शेजारच्या माणसानं जरा सरकून घेतलं.

पाय बरा झाल्यावरच्या पहिल्या बाजारी फुलसिंगभाऊ आले. मागे जमनाबाई होत्या. चक्कीत चार-पाच बायका दळणाला बसलेल्या. जमनाबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, हातातली पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि नवऱ्याच्या आधी काट्यावर चढल्या.

चाळीस वर्षं मी आकडा पुकारत आलो. काट्यावर काही आलं की तोंड आपोआप उघडतं. त्या दिवशी मी काट्याचा आकडा दाखवणारा डबा त्यांच्याकडे फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. भिंतीवर धोतराचं वजन लिहिलेलं होतं, तेच वाचत बसलो.

"किती भरली?" फुलसिंगभाऊ मागून विचारत होते.

"बारदाना वजा करून सांगीन," जमनाबाई म्हणाल्या, आणि साऱ्या बायका हसल्या. सगळ्यात मोठ्यानं त्या स्वतः. या वेळी तोंडाला पदर नव्हता.

मी त्यांना पावती दिली. एकूण, बारदाना, निव्वळ, तिन्ही रकाने रिकामे. खाली फक्त सही. कोऱ्या पावतीवर सही करायची नाही, हे मापाऱ्याचं पहिलं शिक्षण. मी आयुष्यात ते एकदाच मोडलं. त्या रकान्यांत काय लिहायचं, लिहायचं की नाही, हे आता त्यांचं त्या बघतील.

त्या हंगामात टपरीवर माझा किस्सा ऐकून ज्यांनी हसून मांड्यांवर थापा मारल्या, त्यांच्यातले जे कोणी हे वाचत असतील, त्यांना सांगायचं आहे. काटा अडकला नव्हता. काट्यात काही बिघाड नव्हता, आणि बाईतही नव्हता. ती आजारी होती.

फुलसिंगभाऊंना तो आकडा आजवर कळलेला नाही. गोळी चालू आहे, साबुदाणाही चालू आहे. दर बाजारी ते मला बाजूला घेऊन विचारतात, "तुमी पाह्यलंच असन ना, खरं सांगा." मी भिंतीकडे बोट दाखवतो. मग सुस्कारा सोडून ते काट्यापाशी जातात आणि अंगावरचं सामान उतरवू लागतात. काठी, चपला, दुपट्टा, तंबाखूची डबी, चष्म्याचं घर, मोबाईल. सुताचं वेटोळं आता त्यात नसतं. जमनाबाई त्या वेळी समोरच्या दुकानात हात पुढे करून बसलेल्या असतात, आणि बांगडीवाला त्यांचा आंगठा आत वळवत असतो.